ठकीचं सलाईन

ठकीला भांड्यातलं पाणी चालत नसे. नळाचंच लागे, आणि तेही वाहत्या धारेतलं. आमच्या चाळीत पाणी पहाटे येतं. त्याआधी नळ थोडा वेळ नुसताच फुसफुसतो. तो आवाज घरात सगळ्यांत आधी तिच्या कानावर पडे. मग ती मोरीच्या कठड्यावर जाऊन बसे, उजवा पंजा नळाखाली धरी आणि बाबांच्या अंथरुणाकडे बघत एकच लांब हाक देई. बाबा उठत, नळ बारीक करून तिच्यासाठी धार सोडत आणि तिचं पिऊन झालं की मगच पिंपाला नळी लावत. "जोर आहे तोवर पिंप भरायचं सोडून हे मांजराला पाणी पाजत बसतात," असं आई रोज म्हणायची. म्हणायची आणि नळी हातात धरून ठकीचं होईपर्यंत थांबायची.

म्हातारपणी ठकी रात्रीही मोरीत जाऊ लागली. नळ कोरडा असला तर ओली फरशी चाटायची. हे सगळ्यांत आधी बाबांच्या लक्षात आलं. "ही पाणी फार पिते," ते म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी तिला बाजाराच्या पिशवीत घालून, पिशवीची चेन बोटभर उघडी ठेवून, बैलघोड्याला घेऊन गेले.

परळचं बाई साकरबाई दिनशा पेटिट हॉस्पिटल आमच्या भागात कुणी त्या नावानं ओळखत नाही. ते बैलघोडा हॉस्पिटल. मुंबईत 1874 साली घोड्यांच्या ट्राम सुरू झाल्या, त्या 1905 पर्यंत धावल्या. मालाची ने-आण बैलगाड्यांवर होती. शहर ओढणारी ती जनावरं आजारी पडली, लंगडी झाली की त्यांच्यावर उपचार व्हावेत म्हणून हे हॉस्पिटल उभं राहिलं. पुढे 1886 साली शेजारीच पशुवैद्यकीय कॉलेज आलं. बैल गेले, घोडे गेले, नाव राहिलं. बाबांना ते नाव आवडायचं. "राबणाऱ्यांचं हॉस्पिटल आहे," असं ते म्हणायचे.

ठकीच्या रक्तात क्रिएटिनिन पाचाच्या वर निघालं. तिथल्या डॉक्टर मॅडमनी बाबांना बसवून नीट सांगितलं. मांजराची मूत्रपिंडं हळूहळू निकामी होतात. लघवी घट्ट करण्याची त्यांची ताकद आधी जाते, म्हणून शरीरातलं पाणी निघून जातं आणि मांजर ते पिऊन भरून काढायला बघतं. रक्तात दिसेपर्यंत मूत्रपिंडांचं साधारण पाऊण काम थांबलेलं असतं. हे बरं होत नाही. पण कातडीखाली सलाईन देत राहिलं तर तिचे दिवस सुखाचे जातील. बाबांनी विचारलं, "घरी देता येईल?"

सलाईन देणं बाबांना पहिल्याच प्रयत्नात जमलं. मानेमागची सैल कातडी चिमटीत धरून वर उचलायची, खाली पोकळी होते तिथे सुई सरकवायची. बाबा गिरणीत साचेवाले होते. तुटलेलं सूत चालत्या साच्यापाशी उभं राहून जोडण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. सत्तरी ओलांडली होती, तरी बोटं थरथरत नव्हती. रोज संध्याकाळी आई ठकीला जुन्या पंच्यात गुंडाळून मांडीवर घेई, बाटली कोमट पाण्यात ठेवून गरम केलेली असे, ती कपड्यांच्या दांडीला टांगली जाई आणि बाबा सुई टोचत. पाणी आत गेलं की ठकीच्या खांद्यावर एक मऊ उंचवटा येई आणि रात्रीतून जिरून जाई. तेवढा वेळ कुणी टीव्ही लावत नसे. बाबा बाटलीवरच्या रेघेकडे बघत, आई ठकीचे कान चोळत गावच्या गोष्टी काढी. त्या दोघांना इतका वेळ एका जागी समोरासमोर बसलेलं मी लहानपणी कधी पाहिलं नव्हतं. एक पाळीला जाई, दुसरी पाण्याला.

दादा तेव्हा बदलापूरला राहायला गेला होता. एका रविवारी त्यानं बैलघोड्याचे आणि औषधांचे कागद पाहिले आणि तो भडकला. "बाबा, गॅलरीत आलेलं मांजर आहे ते. एवढ्या पैशांत आईच्या गुडघ्याचा एमआरआय झाला असता." बाबा म्हणाले, "तोही करू. कागद आण." दादा न जेवता निघून गेला. आई त्याच्यामागे जिन्यापर्यंत डबा घेऊन गेली.

जुलैमधली ती रात्र मी विसरणार नाही. दिवसभर पाऊस कोसळत होता, हिंदमाताला पाणी भरलं होतं, बस बंद. ठकीनं सकाळपासून तोंडात काही घेतलं नव्हतं, फेसाळ उलट्या होत होत्या. बाबांनी तिची कातडी चिमटीत धरून सोडली तर ती खाली बसेना, तशीच उभी राहिली. अंगात पाणीच नव्हतं. आणि बाटलीत तळाला थोडंसं उरलेलं. शेजारच्या काकू म्हणाल्या, अंग तापलंय, तापाची पाव गोळी द्या. बाबा एकदम ओरडले, "नाही!" माणसाची ती गोळी मांजराला विष आहे, मांजराचं यकृत ती पचवू शकत नाही, हे मॅडमनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. मग त्यांनी रेनकोट चढवला. केईएमच्या आसपास औषधांची दुकानं रात्री उघडी असतात, तिकडे निघाले. मी म्हटलं, मी जाते. "तू आईजवळ बस," म्हणाले आणि गेलेच.

त्या रात्री, ठकीला मांडीवर घेऊन, आईनं मला जे सांगितलं ते तोवर घरात कुणी उच्चारलं नव्हतं.

18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर. मी तेव्हा शाळेत जायला लागले होते, मला फक्त पाव आणि काळा चहा आठवतो. पावसाळ्यापर्यंत घरातली तांब्याची भांडी विकली गेली होती. आजीला दमा होता, त्या पावसात तो वाढला. डॉक्टरांनी चिठ्ठी लिहून दिली. बाबा ती घेऊन दुकानात गेले, खिशातले पैसे काउंटरवर ठेवले आणि म्हणाले, एवढ्यात बसेल तेवढं द्या. अर्धी औषधं आली. आजीला त्यांनी सांगितलं, एवढीच लिहिली आहेत. दिवाळीच्या आधी आजी गेली.

"पूर्ण औषधं मिळाली असती तर त्या वाचल्याच असत्या असं नाही गं," आई म्हणाली. "वय झालं होतं, छातीत काही उरलं नव्हतं. डॉक्टरही तेच म्हणाले. पण ह्यांनी ते कधी मानलं नाही. ती चिठ्ठी कितीतरी वर्षं ह्यांच्या पाकिटात होती."

तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. बाबांना गिरणीनं परत घेतलं नाही, त्यांनी पुढे वॉचमनची नोकरी केली. आम्हा भावंडांना ताप आला की ते औषधाची बाटली तळापर्यंत संपवायला लावत, बरं वाटलं तरी. आम्ही त्याला त्यांचा हट्ट म्हणायचो.

बाबा परत आले ते कमरेपर्यंत भिजून. बाटल्या रेनकोटच्या आत छातीशी धरल्या होत्या. हात कोरडे केले, बाटली गरम करायला लावली. वीज गेली होती. मी बॅटरी धरली, आईनं पंचा घट्ट केला आणि बाबांनी सुई सरकवली. मॅडमशी फोनवर बोलून मध्यरात्रीनंतर पुन्हा एकदा दिलं. कुणी झोपलं नाही. पहाटे नळ फुसफुसला तेव्हा ठकीनं मान उचलली. उठवत नव्हतं. बाबांनी तिला दोन्ही हातांत उचलून मोरीपाशी नेलं आणि ती धारेतलं पाणी प्याली. त्या दिवशी पिंप रिकामंच राहिलं. आई काही बोलली नाही.

ठकी त्यानंतर थंडी संपेपर्यंत जगली. मग तोंडात फोड आले, सलाईन अंगात जिरेना. मॅडम म्हणाल्या, आता दिलं तर तिला त्रासच होईल, झोपेचं इंजेक्शन देऊन तिला मोकळं करू. बाबांनी विचारलं, "तुम्ही लिहून दिलेलं काही द्यायचं राहिलंय का?" बाहेर पेशंटांची गर्दी होती, तरी त्या बाईंनी फाइल उघडली, पहिल्या कागदापासून प्रत्येक कागद वाचला आणि सांगितलं, "नाही काका. सगळं दिलंत तुम्ही." मग बाबा म्हणाले, "करा." आईनं तिला नेहमीसारखं पंच्यात घेतलं. दादा बदलापूरहून अर्ध्या दिवसाची रजा टाकून आला होता. तो बाबांच्या मागे उभा राहिला आणि त्यानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

उरलेल्या बाटल्या बाबांनी पलीकडच्या चाळीतल्या एका मुलीला दिल्या, तिच्या बोक्याला तोच आजार निघाला होता. सुई धरायला तिला त्यांनीच शिकवलं. परवा माझ्या मुलीनं विचारलं, आजोबा मांजरांचे डॉक्टर आहेत का? म्हणून हे सगळं लिहायला बसले. तिला ठकी माहीत असावी, आणि तिनं न पाहिलेली पणजीही. आमच्या घरात त्या दोघी आता वेगळ्या काढता येत नाहीत. बाबांनी मांजरावर जीव लावला हे खरंच आहे. पण त्यांनी तिला जे दिलं ते 1982 पासून कुणाला तरी द्यायचं राहिलं होतं. आणि ते देऊन झालं, हे त्यांना एका परक्या बाईच्या तोंडून ऐकायला मिळालं, याबद्दल मी तिची जन्मभर ऋणी राहीन.

आईच्या गुडघ्यांचं ऑपरेशन पुढच्या वर्षी झालं. औषधं आणायला दादा आणि बाबा दोघे गेले. लांबलचक चिठ्ठी बघून दुकानदारानं विचारलं, सगळंच देऊ की अर्धं? दादा म्हणाला, "सगळं." बाबांनी खिशातून चष्मा काढून दादाच्या हातात दिला आणि म्हणाले, "मोजून घे."