पसंतीक्रम

मुलीसमोर एम.एस्सी. कृषीसाठी दोन विद्यापीठं होती, राहुरी आणि दापोली. विषय उद्यानविद्या. दोन्ही सरकारी, दोन्ही तालुक्याच्या गावची. तिला राहुरीला जायचं होतं आणि मी दापोलीचा हट्ट धरून बसलो होतो. त्या हट्टामागचं खरं कारण मी तिला सांगितलं नाही. स्वतःशीही ते कबूल केलं नव्हतं.

दापोलीच्या बाजूनं बोलायला माझ्याकडे भरपूर होतं. नीलम आणि हापूस यांच्या संकरातून १९८१ मध्ये तिथून 'रत्ना' आंबा आला. त्याचा पुन्हा हापूसशी संकर करून अगदी पातळ कोयीचा 'सिंधू' काढला गेला. हापूस एक वर्ष धरतो आणि एक वर्ष रुसतो, त्यावर पॅक्लोब्युट्राझॉलचा उपाय तिथल्या संशोधकांनी बसवून दिला. देठासकट आंबा उतरवणारा 'नूतन झेला' तिथलाच. वेंगुर्ल्याच्या केंद्रानं काजूच्या एकामागून एक जाती दिल्या. "फळांचाच अभ्यास करायचाय ना, मग कोकणासारखी जागा नाही," असं मी पुन्हा पुन्हा म्हणत राहिलो. मी मांडत होतो ते सगळं खरं होतं. मांडण्यामागचं कारण मात्र खोटं होतं.

खरं कारण असं, की मला तिला नगर जिल्ह्यात परत पाठवायचं नव्हतं.

माझं गाव संगमनेर तालुक्याच्या पठार भागातलं. १९७२ च्या दुष्काळात मी लहान होतो. आई रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायची. घरात अमेरिकेतून आलेल्या मिलोची भाकरी असायची आणि कामावर सुकडी मिळायची. पुढे मी शिकलो, बँकेत लागलो, ठाण्याला घर केलं. थोरले भाऊ, आमचे तात्या, गावीच राहिले. मी सुटलो होतो. शिक्षण म्हणजे त्या मातीपासून लांब जाणं, एवढाच अर्थ माझ्या मनात पक्का बसला होता. मुलीनं बारावीनंतर कृषीची पदवी निवडली तेव्हाच मी हिरमुसलो होतो. आता तर ती पुन्हा त्याच उन्हात, गावापासून जेमतेम एका तालुक्याच्या अंतरावर जायचं म्हणत होती. दापोलीत निदान हिरवळ होती. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या गावाला दुष्काळ माझ्या मुलीच्या मागे येणार नाही, असं मला वाटत होतं.

अर्ज भरण्याआधी एकदा राहुरी बघून येऊ, असं तिनं सुचवलं. श्रावण होता. मुळा धरणाच्या बाजूनं ढग येत होते आणि थेंबही न टाकता पुढे सरकत होते. ते आकाश मी ओळखत होतो. मन तिथंच मागे फिरलं होतं.

डाळिंबाच्या प्रक्षेत्रावर एक वरच्या वर्गातली मुलगी आम्हाला झाडं दाखवत होती. तिनं एक पान उन्हासमोर धरलं. त्यावर तेलकट, काळसर डाग होते. तेल्या. हा जिवाणूजन्य रोग आहे, पावसाच्या उडणाऱ्या थेंबांबरोबर आणि छाटणीच्या कात्रीवरून पसरतो, म्हणून बहार कोणता धरायचा आणि त्याआधी झाडाचं पाणी किती दिवस तोडायचं याला फार महत्त्व आहे, असं ती सांगत होती. माझी मुलगी मध्येच म्हणाली, "आमच्या तात्याकाकांच्या बागेत तो खालच्या बांधाकडून सुरू झाला होता. तिथं ओल जास्त राहायची." मग ती कितीतरी वेळ बोलत राहिली. कोणत्या ओळीची फळं आधी तडकली, फवारणी कधी चुकली, बाग उपटली तेव्हा मुळांशी काय दिसलं. ती तेव्हा शाळेत होती. उन्हाळ्याच्या सुट्टीत गावी असायची. तिनं एवढं पाहिलंय, हे मला माहीतच नव्हतं. मी कधी विचारलं नव्हतं.

परत फिरताना ती म्हणाली, "बाबा, काकांनी बाग उपटली त्या दिवशी तुम्ही मला काय म्हणालात, आठवतं? म्हणालात, म्हणूनच शिकायचं, म्हणजे शेती करावी लागत नाही." ती चिडून बोलली नाही. थोडं थांबून म्हणाली, "मला तेव्हा वाटलं होतं, शिकलेल्यांनी हे थांबवायला नको का?"

मला उत्तर देता आलं नाही. मी दुष्काळातून सुटलो म्हणजे दुष्काळ संपला, असं धरून मी आयुष्य काढलं होतं. मागे राहिलेल्यांचं दुःख मला दिसत होतं. पण ते माझ्या शिक्षणाचा विषय होऊ शकतं, हे कधी सुचलंच नाही. तात्यांना मी पैसे पाठवले, डोकं कधी चालवलं नाही. त्यांच्या बागेतली भगवा जात याच विद्यापीठानं दिलेली, 'गणेश' आणि 'गुल-ए-शाह रेड' यांच्या संकरातून निवडलेली, हेही मला त्या दिवशी कळलं. आमच्या मुरमाड जमिनीत ज्या फळानं पहिल्यांदा पैसा दिला, ते कुठून आलं याची चौकशीसुद्धा मी केली नव्हती. राहुरी म्हणजे माझ्या लेखी फक्त ऊन आणि धूळ.

गाडीत बसल्यावर मला दुसरी गोष्ट उमगली. पदवी तीच, विषय तोच, मग सोयीची जागा घ्यावी, असं मी म्हणत होतो. पण शेतीच्या विद्यापीठाला फाटकाबाहेरची जमीनच विषय देते. हापूस दर वर्षी का धरत नाही, हा प्रश्न दापोलीचा. कमी पाण्यात डाळिंब कसं जगवायचं, हा राहुरीचा. या दोन गावांत चांगलं-वाईट असं काही नाही. आपला प्रश्न कुठे उगवतो, एवढंच पाहायचं असतं. माझ्या मुलीला तिचा प्रश्न तात्यांच्या बांधावर मिळाला होता, आणि त्याच बांधापासून मी तिला दूर ठेवू पाहत होतो. भीती माझी होती आणि तिची किंमत मुलीनं मोजावी, अशी माझी अपेक्षा होती. याला मी इतके दिवस काळजी म्हणत होतो.

पसंतीक्रमात तिनं राहुरी वर घातलं. यातून नोकरी कुठली मिळेल, ती पुढे कुठे राहील, ही धास्ती अजून आहे. ही धास्ती जाईल असं मी म्हणणार नाही. पण आता ती माझ्यापाशीच ठेवायला मी शिकतो आहे. परवा तात्यांना फोन केला आणि पहिल्यांदाच विचारलं, तेल्या आला तेव्हा नेमकं काय काय झालं होतं. ते खूप वेळ बोलले. हे मी दहा वर्षांपूर्वीच विचारायला हवं होतं.