मागच्या बिलाचे दुखणे

रक्तदाब कशाने वाढला असावा, असे रुग्णाला विचारले की उत्तर बहुधा मिठाचे, जागरणाचे किंवा मुलांच्या परीक्षांचे येते. अलीकडे मात्र ‘भाडेकरूचे लाइटबिल’ हेही उत्तर मी ऐकू लागलो आहे. वैद्यकीय शिक्षणात या कारणाला स्थान नव्हते. भाड्याच्या घरांच्या वस्तीत दवाखाना चालवताना ते उमगत गेले.

अशाच दोन रुग्णकुटुंबांची गोष्ट. एक निवृत्त बाई. तुटपुंज्या पेन्शनला वरच्या मजल्याच्या भाड्याचा काय तो आधार. भाडेकरू काही महिन्यांचे बिल थकवून निघून गेला आणि मीटर बाईंच्या नावावर. दुसरे एक तरुण जोडपे. नव्या घरी सामान लावून होते न होते तोच आधीच्या बिऱ्हाडाच्या थकबाकीपायी वीज तोडली गेली. त्यांच्या मुलीला मधुमेह. तिचे इन्सुलिन फ्रिजमध्ये. बाईंची झोप उडालेली, मुलीच्या आईला धडधड. दोघींचा प्रश्न एकच : जे आम्ही वापरले नाही, त्याचे पैसे आम्ही का भरायचे?

ज्याने वापरले त्याने भरावे, हा न्याय कोणालाही पटेल. व्यवहार मात्र वेगळा आहे. मीटर ज्याच्या नावावर, तोच वीज कंपनीचा ग्राहक. भाडेकरार हा मालक आणि भाडेकरू यांच्यातला. म्हणून तगादा आधी मालकाकडे येतो आणि त्याने तो करारानुसार भाडेकरूकडून वसूल करायचा असतो. नियमांत तरतूद असल्यास, त्याच जागेची जुनी थकबाकी भरल्यावरच नवी वीजजोडणी देण्याची अट घालता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली म्हटले आहे. अर्थात कंपनीवरही बंधने आहेत. वीज कायदा, २००३ च्या कलम ५६ नुसार वीज तोडण्यापूर्वी १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. मालकालाही मोकळे रान नाही : महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम २९ प्रमाणे सबळ कारणाशिवाय भाडेकरूचे पाणी किंवा वीज बंद करता येत नाही.

माझे मत विचाराल तर, घराची किल्ली देणाऱ्याने मागचे खाते मिटवूनच ती द्यावी. नव्याने आलेल्या कुटुंबाला जुन्या हिशेबाची शिक्षा नको. पण जाणाऱ्यानेही जाणावे, की त्याने मागे ठेवलेला आकडा एखाद्या वृद्धेच्या औषधाच्या पैशांतून भरला जातो.

वाद मिटेपर्यंत प्रकृती सांभाळावी लागते. वापरात असलेले इन्सुलिन साधारण २५ ते ३० अंशांखाली बहुधा चार आठवडे टिकते. नेमकी मुदत वेष्टनावर पाहावी. न उघडलेल्या कुप्या शेजाऱ्यांच्या फ्रिजमध्ये ठेवाव्यात, बर्फात कधीही नाही. गोठलेले इन्सुलिन निकामी होते. त्या मुलीच्या कुप्या शेजारच्या आजींनी सांभाळल्या. मालकाने बिल भरले आणि वीज परतली. थकबाकीमुळे पाणी तोडले गेले, तर पिंपांत साठवलेले पाणी झाकून ठेवावे आणि आठवड्यातून एकदा पिंप घासून कोरडे करावे. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवी पिढी उडू लागते.

मात्र प्रतिबंध उपचाराहून सोपा आहे. घर घेताना ग्राहक क्रमांक मागून थकबाकी तपासावी. किल्ली देता-घेताना दोघांनी मिळून मीटरचा फोटो काढावा आणि आकडा कागदावर लिहून सह्या कराव्यात. कोणते बिल कोणी भरायचे, हे नोंदणीकृत करारात स्पष्ट असावे. शेवटचे बिल घर सोडल्यानंतर येते. तेव्हा ते चुकते होईपर्यंत अनामतीतली थोडी रक्कम राखून ठेवावी, हेही त्यातच लिहावे. आणि घरात इन्सुलिनवर किंवा ऑक्सिजन यंत्रावर असलेले कोणी असेल, तर ही चौकशी सामानाचा टेम्पो ठरवण्याआधीच करावी.