होडी बॅगेत, बॅग पाठीवर!

कार नाही, बिल्डिंगला लिफ्ट नाही, तरी वीकेण्डला स्वतःची होडी घेऊन पाण्यात उतरायचंय? मग हवा भरायची कयाक हाच एक उपाय. ती निवडायची कशी, हे मात्र आम्ही दोघी जरा महागात शिकलो.

दादर स्टेशन, रात्रीचे सव्वाअकरा. कोकणकन्येच्या डब्यात माझी भलीमोठी निळी बॅग सीटखाली काही जाईना. समोरचे काका बराच वेळ बघत होते. शेवटी न राहवून म्हणाले, ‘‘गादी नेताय का गावाला?’’

‘‘नाही काका, होडी आहे.’’

काकांनी माझ्याकडे बघितलं, बॅगेकडे बघितलं आणि पाय वर घेऊन जागा करून दिली. कोकणातल्या माणसाला होडी म्हटलं की पुढे काही समजवावं लागत नाही.

ही गोष्ट गेल्या जानेवारीची. मी आणि माझी रूममेट ठाण्यात तिसऱ्या मजल्यावर राहतो. ती एका इन्शुरन्स कंपनीत, मी फ्रीलान्स, म्हणजे डेडलाइन आली की कामात. दोघींनाही एकदा भाड्याच्या कयाकमध्ये बसून चस्का लागला होता. पण प्लॅस्टिकची कडक कयाक तीन-चार मीटर लांब, वजनाला वीस-पंचवीस किलो. ती ठेवायची कुठे? आणि न्यायची कशी, रिक्षाच्या टपावर? तेवढ्यात एका ऑनलाइन सेलमध्ये दोन सीटची हवेची कयाक दिसली. माझ्या वाट्याच्या एका महिन्याच्या भाड्याएवढी किंमत. क्लिक केलं आणि मोकळी झाले. कप्पे किती, वजन किती, काही वाचलं नाही. रंग छान होता!

देवबागची ती दुपार

सकाळी कुडाळला उतरलो, तिथून मालवण आणि मग रिक्षाने तारकर्लीच्या पुढे देवबाग. हे गाव म्हणजे जमिनीची एक अरुंद पट्टी. एका बाजूला अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदीची खाडी. गावाच्या टोकाला दोघं भेटतात, तो संगम. समुद्राच्या बाजूला लाटांचा आवाज आणि पाच मिनिटं चालून खाडीच्या बाजूला आलं की माडांच्या सावलीत एकदम शांत पाणी. कयाकसाठी याहून सुंदर जागा कुठली?

त्या दिवशी पौर्णिमा होती. आम्ही बांगड्याचं जेवण हाणलं, पायाने पंप मारमारून पाऊण तास हवा भरली आणि दीड वाजता खाडीत उतरलो. बॉक्समध्ये एक काळी प्लॅस्टिकची पट्टी आली होती, ती एक्स्ट्रा पार्ट समजून मी घरीच ठेवली होती. लाइफ जॅकेट आणली होती, पण उकडत होतं म्हणून रूममेट तिच्यावर बसली. सांगायचं राहिलं, तिला पोहता येत नव्हतं.

पहिली दहा मिनिटं मस्त गेली. फोटोबिटो झाले. मग लक्षात आलं की आम्ही वल्हं मारत नसतानाही माड मागे चाललेत. वळायचा प्रयत्न केला तर कयाक भोवऱ्यासारखी जागच्या जागी फिरायला लागली. पौर्णिमेची ओहोटी ऐन जोरात होती आणि दुपारचा वारा पाठीमागून. दोघं मिळून आम्हाला संगमाकडे ढकलत होते आणि तिथे पांढऱ्या लाटा फुटताना दिसत होत्या. रूममेट अगदी हळू आवाजात म्हणाली, ‘‘अगं, आपण जातोय.’’

आम्ही जिथे उतरलो होतो त्या घरचे काका इंजिनवाली होडी घेऊन आले म्हणून हा लेख लिहिते आहे. त्यांनी दोर बांधला, आम्हाला किनाऱ्याला आणलं आणि एकच वाक्य बोलले, ‘‘पाण्याक इचारलंस काय गो?’’

परतीच्या गाडीत रूममेट पनवेलपर्यंत माझ्याशी बोलली नाही. तिचं बरोबर होतं. कयाक मी निवडली होती, वेळ मी निवडली होती आणि जीव तिचाही होता. बॅग माळ्यावर गेली.

ऑक्टोबरमध्ये एका रविवारी चहा पिताना ती म्हणाली, ‘‘परत जाऊ या. पण या वेळी होडी मी निवडणार.’’ मधल्या महिन्यांत तिने महापालिकेच्या तलावात पोहण्याचा क्लास लावला होता. मला सांगितलंही नव्हतं!

एक्सेल शीट आणि जिना

इन्शुरन्सवालीच ती. शीट तयार होती. पहिला कॉलम ‘सीट किती’ हा नव्हताच. पहिला कॉलम होता ‘पाणी कुठलं’. खाडीत भरती-ओहोटी, तळ्यात वारा, नदीत दगड. प्रत्येकासाठी कयाक वेगळी. रुंद कयाक डुगडुगत नाही पण हळू जाते, लांब कयाक सरळ आणि पटापट जाते. नवशिक्यांनी शांत पाणी धरायचं आणि रुंदीकडे बघायचं.

दुसरा कॉलम, खांदे. म्हणजे तुमची कयाक पाण्यापर्यंत उचलून कोण नेणार? होडी अंगाखांद्यावर न्यायची कल्पना तशी जुनी आहे. 1840 च्या दशकात ब्रिटिश नौदलातल्या पीटर हॅल्केट या लेफ्टनंटने असा झगाच शिवला होता की हवा भरली की त्याची होडी व्हायची! हातातली काठी झाली वल्हं, छत्री झाली शीड. आजच्या दोन सीटच्या बऱ्याचशा कयाक बॅगेत भरल्यावर बारा ते अठरा किलोच्या आसपास जातात. आकडा वाचून काही कळत नाही. म्हणून रूममेटने दुकानात भरलेली बॅग पाठीवर घेतली आणि जिना दोनदा चढली-उतरली. सेल्समन बघतच राहिला. जी बॅग तिसऱ्या मजल्यावर चढत नाही, ती कोकणातही जात नाही. ती माळ्यावरच राहते, आमच्या पहिलीसारखी.

तिसरा कॉलम, कापड आणि हवा. ढोबळमानाने तीन प्रकार मिळतात. साधी व्हिनाइलची सगळ्यात स्वस्त. तिच्यात हवेचा दाब एक पीएसआयच्या आसपास किंवा त्याहून कमी, त्यामुळे ती जरा मऊ राहते. छोट्या, शांत तळ्यासाठी ठीक. इंटेक्सची एक्सप्लोरर के-2 या वर्गातली प्रसिद्ध, दोन सीट, लांबी 3.12 मीटर, 180 किलोपर्यंत वजन. दुसरा प्रकार म्हणजे आत हवेच्या पिशव्या आणि वर जाड कापडाचं आवरण. दगड, शिंपले यांच्या घासण्याला ती जास्त टिकते, पण वाळायला वेळ घेते. तिसरा ड्रॉप-स्टिच. यात वरचा आणि खालचा थर हजारो दोऱ्यांनी आतून बांधलेला असतो, त्यामुळे जास्त दाब भरला तरी तळ फुगत नाही, फळीसारखा सपाट राहतो. दाब पाच ते दहा पीएसआय किंवा थोडा जास्तही. चालते झकास, खिसाही तसाच झकास रिकामा होतो.

चौथा कॉलम तिने लाल रंगात केला होता. कप्पे किती? दोन बाजूंचे दोन आणि तळाचा एक, असे कमीत कमी तीन स्वतंत्र कप्पे हवेत. एक फुटला तरी बाकीच्यांवर तरंगत किनारा गाठता येतो. याच कॉलममध्ये ‘फिन’ होती. तळाला मागच्या बाजूला लावायची छोटी शेपटी. तिच्यामुळे कयाक सरळ जाते. माझा तो ‘एक्स्ट्रा पार्ट’ आठवतोय? तोच! शीटमध्ये तिने समोर फक्त एक स्मायली काढला होता. मी काही बोलले नाही.

वजनाचा आकडाही नीट वाचा. दोघींचं वजन, पाणी, डबा, कोरडी बॅग, सगळं धरून कमाल क्षमतेच्या पाऊणपटीच्या आत राहिलो तर बरं. काठोकाठ भरलेली कयाक खाली बसते आणि वळायला त्रास देते. पंप दोन्हीकडून हवा ढकलणारा, म्हणजे दांडा वर ओढतानाही आणि खाली दाबतानाही काम करणारा घ्या. आमचा पाऊण तास बारा मिनिटांवर आला.

शेवटी आम्ही कापडी आवरणाची, तीन कप्प्यांची, फिनवाली, दोन सीटची घेतली. चौदा किलो. जॅकेटं, पंप आणि वल्ही दुसऱ्या बॅगेत. रंग? करडा. अजिबात छान नाही.

तिथीची पाऊणपट

डिसेंबरात पुन्हा देवबाग. या वेळी जाण्याआधीच काकांना फोन केला. त्यांनी आधी तिथी विचारली. कोकणातला हा जुना हिशोब आहे. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ ढोबळमानाने येते. म्हणजे अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, पौर्णिमेला सव्वाअकरा. जानेवारीत आम्ही दीडला उतरलो होतो. आता गणित तुम्हीच करा. शिवाय अमावास्या-पौर्णिमेला उधाण, तेव्हा पाण्याला ओढ जास्त. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा पाणी सौम्य. हिशोब पक्का करायला भरतीचं छापील कोष्टक आहेच.

आम्ही द्वादशी निवडली. सकाळी सव्वासात, जॅकेटचे पट्टे आवळलेले, या वेळी कुणीही त्यावर बसलेलं नाही. पाणी चढत होतं आणि त्याने आम्हाला आपणहून खाडीत आत, संगमाच्या उलट दिशेला नेलं. दोन्ही काठांना खारफुटी, पाण्यावर धूर तरंगावा तसं धुकं, एक खंड्या फांदीवरून सुळकन खाली आणि वर. वल्ह्यांचा तेवढा आवाज. रूममेट पुढच्या सीटवर होती. बराच वेळ काही बोलली नाही. मी घाबरून विचारलं, ‘‘ठीक आहेस ना गं?’’

‘‘गप बस. ऐकतेय.’’

नऊला पाणी थबकलं. आम्ही वळलो आणि ओहोटी नुकती सुरू होताना, वारा सुटायच्या आत, साडेदहाला काकांच्या घरामागे लागलो. काका धक्क्यावर उभेच होते. होडीभोवती एक चक्कर मारली, तळाची फिन बोटाने हलवून बघितली आणि म्हणाले, ‘‘बरी आसा.’’ आमच्यासाठी तेवढं सर्टिफिकेट पुरे.

परतीच्या गाडीत रूममेट पनवेलपर्यंत बडबडत होती.

बॅग भरताना

• लाइफ जॅकेट मापाची, अंगात घातलेली, पट्टे लावलेली. पोहता येत असलं तरी.

• एकट्याने जाऊ नका. कुठे जाताय आणि कधी परतणार, हे किनाऱ्यावर कुणाला तरी सांगून ठेवा.

• हवेची कयाक हलकी आणि पाण्यावर उंच असते, वारा तिला सहज ढकलतो. सकाळची वेळ उत्तम.

• हवा भरलेली कयाक उन्हात वाळूवर ठेवू नका. आतली हवा तापून फुगते. ठेवायचीच तर थोडी हवा सोडा.

• खाऱ्या पाण्यातून आल्यावर गोड्या पाण्याने धुवा, पूर्ण वाळवा आणि मगच घडी घाला. नाहीतर बुरशी ठरलेली.

• पंक्चरचं किट बरोबर ठेवा. घरी एकदा सगळी जोडून, रात्रभर हवा भरून बघा.

• धरणाच्या जलाशयात उतरायचं असेल तर आधी परवानगीची चौकशी करा. बरीच धरणं पिण्याच्या पाण्याची आहेत. आणि पावसाळ्यात खाडी, समुद्र दोन्ही नको.