अर्धी खरवडलेली तार

काडेपेटीतल्या चार काड्या, सायकलच्या व्हॉल्व्ह-ट्यूबचे चार तुकडे, की झाला चौकोन. बोटाने दाबला की निमूट तिरका होतो. त्रिकोण मात्र दाबून हटत नाही. फार दाबला तर काडीच मोडते, आणि तेही बघण्यासारखंच. मग एसटी स्टँडवर पत्र्याखालच्या कैच्यांकडे पोरं मान वर करून बघू लागतात. १९७८ साली अरविंद गुप्ता टेल्कोतून वर्षभराची रजा काढून होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले, त्या काळातली ही जोडणी. पुढे पुण्याला आयुकातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी अशी कितीतरी खेळणी केली.

त्यांतली माझी लाडकी म्हणजे साधी मोटर. टॉर्चचा एक सेल, त्याच्या दोन्ही टोकांना सायकल-ट्यूबच्या पट्ट्याने आवळलेल्या दोन सेफ्टी पिना. सेलच्या पत्र्यालाच चिकटलेलं लोहचुंबक. वर पिनांच्या भोकांत तांब्याच्या तारेचं वेटोळं. तार वार्निशची हवी. मोटर रिवाइंडिंगवाला हातभर तुकडा असाच देतो. हळूच टिचकी मारली की वेटोळं भिंगरीसारखं सुटतं.

सगळी गंमत खरवडण्यात आहे. तारेच्या एका टोकाचं वार्निश पूर्ण काढायचं. दुसऱ्याचं, वेटोळं उभं धरून, फक्त एका बाजूचं. उत्साही पोरं दोन्ही टोकं लखलखीत करतात आणि वेटोळं नुसतं डुगडुगत राहतं. कारण पहिल्या अर्ध्या फेरीत चुंबक त्याला पुढे लोटतं, तर पुढच्या अर्ध्या फेरीत मागे. वार्निश ठेवलं, तर नेमका तेवढा वेळ वीज तुटते आणि वेटोळं आपल्याच वेगात पुढे निघून जातं.

हे मी इथे लिहिलं, पण पोरांना सांगू नये. ‘बिघडलंय’ म्हणत ती तुमच्याकडे बघतात, तेव्हा गप्प बसणं भल्याभल्या मास्तरांना जमत नाही. दुकानातल्या तयार संचात तार आधीच खरवडलेली येते. मोटर पहिल्या फटक्यात फिरते आणि संध्याकाळी कपाटावर जाते.

घरच्या मोटरीचं तसं नाही. कुणाचा तरी धक्का लागतो, चुंबक निसटतं, घाईत उलटं चिकटवलं जातं, आणि वेटोळं एकदम उलटीकडे फिरू लागतं. क्षणभर सगळे गप्प. मग एकजण सेलकडे हात नेतो: ‘‘थांब, आता ह्यालापण उलटा करू.’’