अंगात त्राण येईपर्यंत

साताऱ्यात घराबाहेर पाऊल टाकलं की एक तर चढ असतो, नाही तर उतार. इतकी वर्षं शाळेत शिकवायला जाता-येता त्या चढाची मला कधी जाणीव झाली नव्हती. 2021 च्या मे महिन्यात कोविडमधून उठले, कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत गेले आणि परतीचा चढ बघून दुकानाच्या पायरीवरच बसले. ऑक्सिजन 97 होता, छातीचा फोटो साफ होता. कागदावर मी बरी झाले होते.

मला थायरॉइड कमी असण्याचा त्रास जुना आहे. रोज उपाशीपोटी पंच्याहत्तरची गोळी, पाऊण तासानं चहा, वर्षातून एकदा रक्ततपासणी, एवढ्यावर सगळं सुरळीत चाललं होतं. कोविडनंतर मात्र काय कशामुळे होतंय हेच कळेना. थकवा दोन्हींत येतो. विसरायला दोन्हींत होतं. अंग जड, पोट साफ नाही, ऐन जूनमध्ये पायात मोजे. जुलै उजाडला तसे केस मूठमूठ गळायला लागले. सासूबाई म्हणाल्या, "थायरॉइडच वाढलाय, गोळी वाढवून घे." दीर म्हणाले, "वहिनी, मनावर घेऊ नका. थोडं चालायला लागा, आपोआप बरं वाटेल." दोघंही मायेनं बोलत होते. पण दिरांचं बोलणं मला जास्त लागलं. अंगात त्राण नाही म्हणणाऱ्या बाईला आपल्याकडे फार लवकर मनाच्या खात्यात टाकतात. मी आळस करत नव्हते. भांडी घासायला उभी राहिले की पोटऱ्या थरथरायच्या, त्याला मी तरी काय करणार?

त्यातच, कोविडसाठी दवाखान्यात असताना माझा टीएसएच, म्हणजे थायरॉइड कमी पडलं की वाढणारा रक्तातला आकडा, तपासला गेला होता. तो खाली आला म्हणून गोळी कमी करा असं तिथे कुणीतरी सांगितलं. घरी वाढवा म्हणत होते. मी आपली पंच्याहत्तरचीच घेत राहिले.

जुलैच्या सुरुवातीला दादा गाडी घेऊन आला आणि मला माहेरी, सांगलीला घेऊन गेला. गावभागातलं आमचं जुनं घर. आईनं लगेच मुगाचं कढण, मेतकूट-भात, नाचणीचं आंबील सुरू केलं. सकाळी उठल्याबरोबर ती माझ्यासमोर एक वाटी ठेवायची. तीत थायरॉइडची, लोहाची, कॅल्शियमची अशा सगळ्या गोळ्या एकत्र, आणि सोबत हळद घातलेलं ग्लासभर दूध. साताऱ्यातही दवाखान्यातून आल्यापासून तसंच चाललं होतं, कारण डिस्चार्जच्या कागदावर गोळ्यांची नावं एकाखाली एक लिहिली होती, आणि कुठली कुणाबरोबर चालत नाही याबद्दल एक ओळही नव्हती.

मोठं दुखणं म्हटलं की सांगलीकर मिरजेला जातो. डॉ. वॉनलेस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथे मिशनचं हॉस्पिटल उभारलं तेव्हापासून कोकणातले आणि कर्नाटकातले पेशंटही मिरजेची वाट धरत आले आहेत. दादानं मलाही तिथल्याच एका डॉक्टरांकडे नेलं. टीएसएच आता 11 आला होता. मला वाटलं, झालं, डोस वाढणार. त्यांनी आधी विचारलं, "ताई, सकाळी गोळीबरोबर अजून काय काय घेता?" आईनं वाटीचं सांगितलं. मग त्यांनी शांतपणे समजावलं. मोठ्या आजारात शरीर स्वतःच थायरॉइडचा कारभार मंद करतं. कोविडवर दिलेल्या स्टेरॉइडनं टीएसएच खाली जातो, म्हणून दवाखान्यातल्या आकड्यावरून डोस कमी करायचं कारण नव्हतं. बरं होताना तोच टीएसएच काही काळ वर चढतो. त्यात लोह, कॅल्शियम आणि दूध बरोबर गेलं की गोळी पोटात नीट शोषलीच जात नाही. डोस तोच ठेवला. लोह आणि कॅल्शियम चार तासांनंतर घ्यायचं, आणि तपासणी सहा ते आठ आठवड्यांनी, त्याआधी नाही. केसांचं म्हणाल तर मोठ्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी असे केस जातात आणि परत येतात. "यातलं थोडं थायरॉइडचं आहे, बरंचसं कोविडचं आहे. थायरॉइडचं गोळीनं आवरेल. कोविडचं मात्र दिवस घेईल," ते म्हणाले. काय कशामुळे होतंय याचा हिशेब पहिल्यांदाच कुणीतरी मांडून दाखवला होता. मी तिथेच रडले.

22 जुलैपासून पावसानं झोडपायला सुरुवात केली. सांगलीत अशा वेळी प्रत्येकाच्या तोंडी आयर्विन पुलाजवळची पाणीपातळी असते, 40 फुटांना इशारा, 45 ला धोका. पाणी 50 च्या पुढे गेलं. 2019 चा पूर पाहिलेल्या आईनं वेळेवर गाठोडी बांधली आणि आम्ही विश्रामबागेत मावशीकडे गेलो. माझी गोळ्यांची बाटली घरातच राहिली. वीज नाही, जवळपासची मेडिकल दुकानं बंद. मी इतकी घाबरले की छाती धडधडायला लागली. दादानं कसाबसा फोन लावून दिला. डॉक्टर म्हणाले, या औषधाचं रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायलाच साधारण आठवडा लागतो, दोन-तीन दिवस चुकले तर काही होत नाही, मिळेल तेव्हा सुरू करा.

पूर ओसरल्यावरचे दिवस मात्र मला आजारापेक्षा जड गेले. घरात घोट्यापर्यंत चिखल. सत्तरी ओलांडलेली आई बादल्या उचलत होती, वहिनी भिंती खरवडत होती, आणि मी खुर्चीत बसून ओले कागद एकेक सुटे करत होते. बादलीला हात लावायला गेले की आई ओरडायची, "ठेव ती खाली! पाणी चढतं फुटानं, उतरतं इंचानं. तुझंही तसंच आहे. बस तिथं." आईनं असं दरडावून बसवलं, म्हणून मी बसू शकले. सासरी मला हे कुणी म्हणालं नव्हतं, आणि स्वतःहून बसायची आम्हा बायकांना सवय नसते.

सप्टेंबरच्या तपासणीत टीएसएच 4.2 आला, डोस न वाढवता. थकवा तेवढ्यानं गेला नाही. पण पायातले मोजे गेले, पोट रुळावर आलं, आणि दुपारी झोपून उठल्यावर झोप झाल्यासारखं वाटायला लागलं. 4 ऑक्टोबरला कोविडमुळे बंद असलेल्या शाळा उघडल्या. मुख्याध्यापकांनी मला तळमजल्यावरचा नववीचा वर्ग दिला. दिवाळीपर्यंत मी खुर्चीत बसूनच शिकवलं. चढ एका दमात चढायला पुढचा उन्हाळा उजाडला.

यंदा आमच्या शाळेतली एक तरुण शिक्षिका डेंग्यूतून उठून आली. तिला पन्नासची गोळी चालू आहे. स्टाफरूममध्ये डोकं टेकून बसली होती. म्हणाली, "बाई, डोस वाढवून घेऊ का? घरचे म्हणतायत." मी तिच्यासाठी खुर्ची पंख्याखाली ओढली आणि विचारलं, "लोहाची गोळी किती वाजता घेतेस?"