दोन फिती

अण्णांच्या लोखंडी पेटीत त्यांचा गणवेश अजून घडी घालून ठेवलेला आहे. त्याच्या बाहीवर दोन फिती आहेत. एक फीत लान्सनाईकाची, दोन नाईकाच्या, तीन हवालदाराच्या, हे गणित आमच्या साताऱ्याकडच्या मुलांना पाढ्यांच्या आधी येत असे. घरटी एक माणूस फौजेत असलेल्या गावात मुले वडिलांच्या फितींवरून भांडत. माझ्या एका मित्राचे वडील सुभेदार होते, दुसऱ्याचे हवालदार. माझे वडील मात्र नाईक म्हणूनच निवृत्त झाले. असे का झाले, हे मी त्यांना कधी विचारले नाही. पण त्या न मिळालेल्या तिसऱ्या फितीची लाज मी अनेक वर्षे मनात बाळगली, हे आज कबूल केले पाहिजे.

ही लाज पुन्हा जागी होण्यास निमित्त झाला माझा चौदा वर्षांचा मुलगा. तो रोब्लॉक्सवर खेळतो. २००६ मध्ये खुल्या झालेल्या या व्यासपीठाचे वैशिष्ट्य असे की, तेथील बहुतेक खेळ खेळणाऱ्यांनीच रचलेले असतात. सैन्याची हुबेहूब नक्कल करणारे गटही तेथे आहेत. मुलगा अशाच एका गटात ‘भरती’ झाला. त्या गटाने ब्रिटिश सैन्यातील हुद्दे उचलले होते. गटातील प्रत्येक हुद्द्याला एक क्रमांक असतो. स्थापकाचा क्रमांक २५५, आणि बाकी सारे त्याच्या खाली. पहिल्या दिवशी मुलाने मला हा आकडा मोठ्या आदराने सांगितला होता.

रात्री साडेनऊला त्यांचे प्रशिक्षण सुरू होई. पडद्यावर ठोकळ्यांसारख्या आकृत्या खांद्याला खांदा लावून रांगेत उभ्या राहत. प्रशिक्षक हुकूम टंकित करी आणि त्या डावीकडे, उजवीकडे, मागे वळत. हुकमाचा अखेरचा शब्द उमटण्याआधी वळणे ही चूक, उशिरा वळणे हीही चूक. तीन चुका झाल्या की उमेदवार बाद. परवानगीवाचून कोणी बोलायचे नाही. हजेरीचे गुण साठत जात आणि त्यावर बढती मिळे. मला हा सारा पोरखेळ वाटे. अण्णा मात्र खुर्ची ओढून नातवाशेजारी बसत. बेळगावच्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या केंद्रात त्यांचे प्रशिक्षण झाले होते. पडद्यावरचे इंग्रजी हुकूम त्यांना वाचता येत नसत. पण आकृत्या वळल्या की ते स्वतःशीच ‘दाहिने मूड’ पुटपुटत.

पाच महिन्यांनी मुलगा प्रशिक्षक झाला. त्या रात्री तो जेवताना नेहमीपेक्षा ताठ बसला होता.

त्याच आठवड्यात त्याच्यासमोर एक नवा उमेदवार आला. प्रत्येक हुकमाला तो सर्वांच्या मागून वळे. मुलाने तिसरी चूक मोजली आणि त्याला बाद केले. अण्णा म्हणाले, “त्यो पोरगा चुकतोय, का त्याला हुकूमच उशिरा पोचतोय?”

“नेट स्लो असेल. पण नियम सगळ्यांना सारखाच, आजोबा.”

“मग त्याला इचार की.”

“परवानगीशिवाय त्याला बोलता येत नाही.”

“परवानगी देणारा तूच न्हवं?”

मुलगा गप्प झाला. दुसऱ्या रात्री त्याने त्या उमेदवाराला एकट्याला बोलावले, प्रत्येक हुकमानंतर थोडा अवधी दिला आणि सुमारे तासभर सराव करून घेऊन उत्तीर्ण केले. ही गोष्ट वरिष्ठांपर्यंत पोहोचली. परस्पर नियम शिथिल केल्याबद्दल त्यांनी त्याचे प्रशिक्षकपद काढून घेतले आणि त्याला दोन हुद्दे खाली उतरवले. खुलासा करण्याची संधीही त्याला मिळाली नाही.

तो रडत होता. त्याची समजूत घालावी म्हणून मी म्हणालो, “अरे, खोट्या सैन्यातली खोटी फीत ती. गेली तर गेली!” अण्णा माझ्यावर सहसा चिडत नाहीत, त्या दिवशी चिडले. “फीत खोटी आसंल. पण त्या पोरासाठी ह्यानं घातलेला तास खोटा न्हाई.”

त्या रात्री मला झोप लागली नाही. महाविद्यालयात अभ्यासलेली कृष्णाजी अनंत सभासदांची बखर आठवली. शिवकालीन पायदळाची रचना तिथे अशी सांगितली आहे: दहा माणसांस एक नाईक, अशा पाच नाईकांवर हवालदार, आणि ही चढण पुढे हजारीपर्यंत जाते. ‘हजारी’ या शब्दातच त्याच्या हाताखालची माणसे मोजलेली आहेत. परीक्षेसाठी ही उतरंड मी पाठ केली होती, तिचा अर्थ मात्र त्या रात्री उमगला. बखरीतला हुद्दा खालून मोजलेला आहे: किती माणसांचा भार तुमच्यावर आहे, त्यावरून. मुलाच्या गटातला हुद्दा वरून मोजलेला होता: २५५ पासून तुम्ही किती दूर आहात, त्यावरून. आणि अण्णांच्या फिती मोजताना मीही आयुष्यभर वरूनच मोजत आलो होतो.

सकाळी चहा घेताना अखेर मी विचारले, “अण्णा, तुम्ही हवालदार का झाला नाहीत?”

त्यांनी बशी खाली ठेवली. “परीक्षेत नापास झालो. नकाशा वाचता येईना मला. पुन्ना बसणार हुतो, तवर तुझी आजी आजारी पडली. नोकरीची वर्सं भरलीच हुती, आलो घरी. येवढंच.”

एवढेच! ज्या प्रश्नाभोवती मी लहानपणापासून शंकांचे जाळे विणले होते, त्याचे उत्तर चार वाक्यांत संपले. त्यात ना कुणाचा अन्याय होता, ना अण्णांचा काही अपराध. थोड्या वेळाने ते आपणहून म्हणाले, “नवी पोरं यायची, रातीची रडायची. त्यान्ला झोपवून मग मी झोपायचो. त्याला काय फीत लागती व्हय?”

मुलगा तो गट सोडून जाईल, असे मला वाटले होते. तसे झाले नाही. पुढच्या रात्री साडेनऊला तो पुन्हा रांगेत उभा राहिला, या वेळी शेवटून तिसरा. ज्याच्यासाठी त्याचे पद गेले, तो नवा उमेदवार त्याच्या शेजारी होता आणि अजूनही थोडा उशिराच वळत होता. अण्णांनी खुर्ची ओढली. हुकूम उमटला. रांग वळली. खुर्चीत बसल्या बसल्या अण्णांचे दोन्ही अंगठे धोतराच्या काठाशी सरळ रेषेत आले होते. या वेळी मीही एक खुर्ची आणून त्यांच्या शेजारी बसलो.