दारफाळणीचा सण



ठाण्यात आमच्या वरच्या मजल्यावर एक बेने इस्राएल कुटुंब राहतं. त्यांच्या सणांची नावं पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला हसूच आलं. रोश हशाना म्हणजे नव्याचा सण, योम किप्पूर म्हणजे दारफाळणीचा सण, त्याच्या दुसऱ्या दिवशी शिळा सण, पुरीम म्हणजे होळीचा सण. वालाच्या बिरड्यावरून नाव पडलेला बिरड्याचा रोजासुद्धा आहे! ही सगळी कोकणातली जुनी नावं. यांचे पूर्वज अलिबागकडे तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत.

आपल्यासारखंच त्यांचंही पंचांग चंद्रावर चालतं. एकोणीस वर्षांत सात वेळा अधिक महिना येतो, त्यामुळे सण ऋतू सोडून जात नाहीत. नव्याच्या सणाला ताई चिकाचा हलवा करतात. गव्हाचा चीक, नारळाचं दूध, साखर, आणि तासन् तास ढवळणं. नारळाचं दूध अशासाठी की मांसाबरोबर गायीचं दूध त्यांना चालत नाही. पेसाहच्या आठवड्यात आंबवलेलं काही घरात ठेवत नाहीत. पिठाला पाणी लागल्यापासून अठरा मिनिटांच्या आत भाकरी भाजून व्हायला हवी. आपल्याकडे पावसाळ्यात पिठाची मर्यादा तीन दिवसांची, म्हणून मला ते लगेच पटलं. घरातल्या तरुण मुलींना दोन्ही सोवळी सारखीच वाटतात, ते सोडा.

दारफाळणीच्या दिवशी पांढरे कपडे, सूर्यास्ताआधीपासून दुसऱ्या दिवशी चांदण्या दिसेपर्यंत उपवास, पाण्याचा थेंबही नाही. पूर्वी दारं लावून घरातच बसत, हल्ली सिनेगॉगमध्ये जातात. ठाण्याचं सिनेगॉग १८७९चं आहे. नव्या वर्षी देव प्रत्येकाची वही उघडतो आणि या दिवशी मोहोर लावतो, असं ते मानतात. मी कॉमर्सची, मला वही लगेच कळते. पण ताई म्हणाल्या, माणसाचा केलेला अपराध देव माफ करत नाही, त्या माणसाकडेच जावं लागतं. आपल्या क्षमावाणीच्या आगेमागेच हे येतं. गेल्या वर्षी त्या खाली आल्या आणि पाण्याच्या टाकीवरून सोसायटीत झालेल्या जुन्या भांडणाची माफी मागून गेल्या. आमचे हे तर गोंधळूनच गेले.

मलिद्याला मात्र माझी पंचाईत होते. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, सुकामेवा आणि फळं असा एलियाहू हन्नाबीचा तो नैवेद्य. त्यात कांदा नाही, कंद नाही. पण त्यांच्याकडे तो रात्री होतो. रात्री खायचं नाही आणि सकाळी भिजवलेले पोहे शिळे! ताईंनी न सांगता तोड काढली. माझ्यासाठी खजूर आणि सालासकट दोन केळी पोह्यांना न लावता बाजूला ठेवतात. सकाळी नवकारशी झाली की मी ती खाते.

मुलं इस्राएलला, भाऊही तिकडेच. सामुदायिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. परवा काका जिन्यात बोटांवर मोजत होते, यंदा कोण कोण ठाण्यात आहे. नऊपर्यंत आले. दहाव्यासाठी कल्याणला फोन लावत होते.